लॅमिंग्टन रोडवरचे ‘शोले’

ग्रँट रोड स्टेशनच्या ईस्टला उतरलात की चालत काही मिनिटांत लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा, तो तुमच्याकडे बघतच राहील! १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या तोंडून काही जात नाही. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हामध्ये १९७५ पासून पाच वर्षं ‘शोले’ चालला. आता इथले निखारे बोटाच्या नखाएवढ्या चिपमध्ये असतात, आणि अख्खा बाजार ते थंड करण्याच्या धंद्यात आहे.

मी गेले ते रूममेटचा लॅपटॉप खांद्याला लावून. ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. एक्सपोर्टला लावून दहा मिनिटं झाली की पंखा विमानासारखा ओरडायचा आणि मशीनची बैलगाडी व्हायची. एका सर्व्हिस सेंटरने ‘मदरबोर्ड बदला’ म्हणत जो आकडा सांगितला, त्यात आमचं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं. शनिवारी क्लायंटची डिलिव्हरी होती आणि हातात होते तीन दिवस.

इथे शोरूमच्या काचेपेक्षा जुन्या पार्ट्सचे ढीग बघण्यात जास्त मजा. अशाच एका ढिगात मला दोन कूलर सापडले. दोन्ही गोल, दोन्ही इंटेलचे. एक जाडजूड, पोटात तांब्याचा गाभा असलेला. दुसरा निम्म्या उंचीचा, नुसता ॲल्युमिनियमचा. दोन्ही हातात घेतले की प्रोसेसरच्या इतिहासातलं एक मोठं भांडण वजनावरूनच कळतं.

जाडा आहे तो २००४ सालच्या पेंटियम ४ चा, ‘प्रेस्कॉट’ पिढीचा. तेव्हा सगळा फंडा गिगाहर्ट्झचा होता. ट्रान्झिस्टर १३० नॅनोमीटरवरून ९० वर आणले, आता चिप थंड चालेल असा हिशेब होता. झालं उलटंच! ट्रान्झिस्टर म्हणजे बारीक स्विच. प्रत्येक उघडझापीला थोडी वीज लागते आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. वेग वाढवला की उष्णता वाढते. वेगासाठी व्होल्टेज वाढवलं की ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात स्विच इतके बारीक झाले की बंद असतानाही वीज झिरपू लागली, वॉशर गेलेल्या नळासारखी. या चिपचं वरचं मॉडेल ११५ वॉटपर्यंत गेलं. साधारण एक चौरस सेंटिमीटरमध्ये शंभरच्या बल्बपेक्षा जास्त! लोकांनी नाव ठेवलं ‘प्रेस-हॉट’. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ इंटेलला २००४ मध्येच रद्द करावा लागला. हडकुळा कूलर त्यानंतरचा, २००६ च्या कोअर २ डुओच्या वेळचा. वेग कमी, कोअर दोन, नेहमीची मॉडेल्स ६५ वॉटची, आणि तरीही काम जास्त.

शहाणपण तिथेच टिकलं असं मात्र नाही. २०२३ चा कोअर आय९-१४९००के जोरात असताना २५३ वॉट घेतो. म्हणून पुढच्या गेमिंगवाल्या दुकानात डिस्को लाइटचे वॉटर कूलर मिरवत असतात. दिसतात सॉलिड. पण पाणी फक्त उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, शेवटी ती खोलीच्याच हवेत जाते. मे महिन्यात तुमची खोली ३४ अंशांवर असेल तर पंखा असो की पाणी, चिप ३४ च्या खाली येत नाही. नुसतं एक्सेल आणि ई-मेल करणाऱ्यांनी त्या दुकानासमोर फोटो काढावा आणि पुढे चालू लागावं.

आमचे काका एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर, टेबलाएवढ्या जागेत. ‘काय गं, ९७ दाखवतो ना?’ असं त्यांनी लॅपटॉप उघडण्याआधीच विचारलं. मी म्हटलं, ‘काका, म्हणजे जळणार का?’ ते हसले. जळत नाही. शंभरच्या आसपास गेलं की आजचा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. तरीही तापलाच तर मशीन बंद पडतं. बैलगाडी होते ती यामुळेच. शिवाय ९५ म्हणजे आजारच असंही नाही. एएमडीचे २०२२ चे रायझन ७००० पूर्ण भारावर ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत. प्रश्न आकड्याचा नाही. पूर्वी न तापणारं मशीन आता त्याच कामाला तापतंय का, ते बघायचं.

मागचं झाकण निघालं आणि पंख्याच्या तोंडाशी धुळीची चक्क गोधडी! काकांनी पाती बोटाने धरून ठेवत ब्लोअर मारला (पंखा मोकळा गरगरू दिला तर बेअरिंग जातं). मग चिपवरची वाळून पापुद्रा झालेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. धातूचे दोन पृष्ठभाग दिसायला गुळगुळीत असले तरी मध्ये हवेचे कप्पे राहतात आणि हवा उष्णता नीट वाहू देत नाही. पेस्ट ते कप्पे भरते. वाटाण्याएवढी बास. ‘लोणी लावायचं नाही,’ इति काका.

बिल झालं काही शे रुपयांचं. तिथेच बसून व्हिडिओ एक्सपोर्टला लावला, आकडा ८१ वर जाऊन थांबला. मदरबोर्ड तोच. निघताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या: लॅपटॉप गादीवर ठेवायचा नाही, कारण हवा आत जायची जाळी बहुतेक खालीच असते, आणि दिवाळीची साफसफाई काढाल तेव्हा याचंही झाकण उघडायचं. रूममेटने शुक्रवारी रात्रीच फाइल पाठवली. आता ती कूलिंग पॅडच्या मागे लागली आहे. मी म्हटलं, आधी मागे दोन पुस्तकं ठेवून लॅपटॉप उचलून बघ, फुकट आहे.