मागच्या दाराचा शिक्का

टपालखात्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला पत्त्याविषयी कुणी काही शिकवू नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. मी नोकरीला लागून वर्ष होतंय न होतंय तोच १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला. संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची ती कल्पना. सहा आकड्यांत अख्खा देश! सोलापूर म्हणजे ४१३००१, हे मी झोपेतही सांगतो. आमची ही म्हणते, सांगताच.

तर गेल्या श्रावणात, शुक्रवारी संध्याकाळी पुतण्या तोंड पाडून आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टर्किश टॉवेलांचा लहानसा कारखाना आहे. तीन आठवडे दोन माग बंद होते आणि त्यांवरचे कामगार रोज येऊन 'मालक, काही आलं का?' विचारून जात होते.

"काका, कोचीच्या हॉटेलवाल्यानं दोन हजार टॉवेलांचे दर मागितले होते. तीनदा मेल केला. आज फोन केला तर म्हणतो, तुमचं काही आलंच नाही की! उद्यापर्यंत कंपनीच्या पत्त्यावरून लेखी दरपत्रक नाही आलं, तर काम दुसऱ्याला."

मेल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं अजून मद्रास मेल येते. पण ती उशिरा का होईना, पोचायची.

याचं कारण पुतण्याची काटकसर. दरमहा माणशी पैसे कोण मोजणार, म्हणून यानं भाड्याच्या यंत्रावर स्वतःचा मेल सर्व्हर थाटलेला. त्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, इंजिनिअरिंगला आहे. ती लॅपटॉप घेऊन आमच्या ओट्यावर बसली.

"आजोबा, यंत्राच्या पत्त्याला आयपी म्हणतात. चार आकडे, मधे टिंब, प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. आपला पहिला पत्ता आधी कुणा भलत्याकडं होता. त्यानं तिथून नको त्या जाहिरातींचे ढीग पाठवले, म्हणून तो काळ्या यादीत आहे. बाबांनी त्याच यंत्रावर दुसरा, स्वच्छ पत्ता घेतला. पाटी नव्याची, आलेला मेल नव्यावर. सगळं बरोबर आहे, तरी पोचंना."

"शिक्का बघितलास?" मी विचारलं.

"कसला शिक्का?"

सॉर्टिंगमधला माणूस दुसरं काय विचारणार! पत्र कुठून निघालं हे पाठवणारा सांगतो ते वेगळं आणि शिक्का सांगतो ते वेगळं. तिनं मला एक मेल पाठवला. तो माझ्या कचऱ्याच्या कप्प्यात जाऊन पडला. तिनं तो उसवून आतल्या ओळी दाखवल्या. खरोखरच, जिथं जिथं मेल उतरला तिथला 'रिसीव्ह्ड' म्हणून शिक्का! मी चष्मा पुसून आकडे वाचले. पत्ता जुना होता.

पोरीनं कपाळावर हात मारला. येणाऱ्यांसाठी पुढचं दार सजवलं होतं, पण बाहेर कुठल्या दारानं पडायचं हे यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं. ते आपलं सवयीनं मागच्या बोळातून जात होतं.

"पण पत्र कुठल्या पेटीत टाकलं, याच्याशी घेणाऱ्याला काय करायचंय?" मी म्हणालो. "आम्ही बैरंग पत्रसुद्धा पोचवायचो. दंड घ्यायचो, पण पोचवायचो!"

"मेलवर पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहिता येतं, आजोबा. म्हणून घेणारा नावावर जात नाही, जोडणी कुठल्या आयपीवरून आली ते बघतो. तिथं थाप चालत नाही, कारण बोलणं पुढं चालायचं तर उत्तर त्याच पत्त्यावर पोचावं लागतं. मग तो तीन चौकश्या करतो. पत्ता काळ्या यादीत आहे का? मालकानं जाहीर केलेल्या एसपीएफच्या यादीत आहे का? आणि उलटा शोध. पत्त्यावरून नाव काढायचं, नावावरून परत पत्ता. दोन्ही जुळले तर खरं. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यात फार कडक झालेत."

ही आतून शेंगा सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "यात नवीन काय? तुम्ही सिद्धेश्वराला जाऊन आलो म्हणता, मी शेजारच्या भावजींना विचारते. ते म्हणतात, पार्क चौकात भजी खात होते."

उलट्या शोधाचा अर्थ मला तिथं पूर्ण कळला.

मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव निघालं पोस्टफिक्स. ऐकून आपल्याच खात्यातला वाटला. त्याच्या मुख्य फायलीत 'एसएमटीपी बाइंड ॲड्रेस' म्हणून एक ओळ असते. तिच्यापुढं पोरीनं नवा पत्ता लिहिला आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. तीन आठवड्यांचं दुखणं, औषध एका ओळीचं! पुन्हा मेल, पुन्हा शिक्का. या खेपेला नवा. रात्री दहा वाजता दरपत्रक कोचीला निघालं. पुतण्या जेवला मात्र नाही. कडक भाकरी नुसती मोडत बसला.

शनिवारी सकाळी साडेदहाला तो धापा टाकत आला.

"काका, उत्तर आलं!"

"काय म्हणतो?"

"म्हणतो, दर फार जास्त आहेत, कमी करा!"

आणि पुतण्याच्या डोळ्यांत पाणी. टपालखात्यात मी हजारो पोचपावत्या हाताळल्या. याहून पक्की एकही पाहिली नाही.