परसातलं इंजिन

कुकरच्या झाकणावर शिट्टीशेजारी एक छोटीशी चकती असते. आपण तिला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतो. आत कमी उष्णतेला वितळणारा धातू असतो. कुकरातलं पाणी आटलं किंवा शिट्टी अडकली की तो धातू वितळतो आणि वाफ निघून जाते. आमच्या घरी असा व्हॉल्व्ह गेला की अम्मी आम्हा मुलांना एका रांगेत उभं करून विचारायची, “पानी किसने नहीं देखा?” वाक्य मुळात तिचं नव्हतं. ते अब्बांच्या नोकरीतून स्वयंपाकघरात आलं होतं.

अब्बा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात बॉयलरमेकर होते. ही बार्शी लाइट रेल्वेची जुनी जागा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ही अडीच फुटी लाइन आखली आणि १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला ती पंढरपुरास पोचली, पुढे लातूर, मग १९२७ ला मिरज. रूळ हलके, म्हणून कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा नियम. अब्बा हे असं सांगायचे, जणू कॅल्थ्रॉप आमच्याच मोहल्ल्यात राहत होता. (याच माणसाने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूट बनवलं. एवढ्या हळू चालणाऱ्या गाडीवाल्याला पॅराशूट कशाला सुचलं असेल, असं मला नेहमी वाटतं.) आता सगळीकडे मोठे रूळ आले. वारकरी आले तरी ती गाडी दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी अम्मी गेली. त्यानंतर अब्बा बोलेनासे झाले. नमाजला जायचे, यायचे, परसातल्या खुर्चीवर बसायचे. मी सोलापुरात उर्दू आणि मराठी शिकवते. दर रविवारी गाडीने कुर्डुवाडीला जायचे आणि दोन वाक्यं ऐकून परत यायचे. एका रविवारी मी वही पुढे केली आणि म्हटलं, “अब्बा, वर्गातल्या मुलांना दाखवायचंय, इंजिनाचं बॉयलर काढून द्या ना.” दुपारी काढायला बसले ते मगरिबची अजान होईपर्यंत. शेवटच्या पानावर त्यांनी सिलिंडर काढला आणि म्हणाले, “कागज पर नहीं समझता ये. चलता हुआ देखना पड़ता.”

तिथून हा खटाटोप सुरू झाला. इंग्लंडात घरच्या घरी खरी वाफ कोंडून चालणारी छोटी इंजिनं बनवण्याचा छंद फार जुना आहे. १८९८ पासून त्यासाठी ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचं नियतकालिकच आहे. त्यात ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थाने अडीच इंची रुळांवर चालणारं कोळशाचं इंजिन बनवलं आणि त्याने मोठी माणसं ओढून दाखवली. त्या इंजिनाचं नाव आयेशा. आमच्या खानदानात तीन आयेशा आहेत, पैकी एकीलाही हे सांगितलं तर आवडणार नाही. आम्ही मात्र त्याहून फार साधं निवडलं. ४५ मिलिमीटर रूळ, स्पिरिटचा दिवा, दोन हलते सिलिंडर.

भाभी म्हणाली, “इंजिन बनाना अपना काम है क्या?” मी शिक्षिका, गप्प कशी बसणार! सांगितलं की नेरळ-माथेरानची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशातून बांधली, १९०७ साली सुरू केली. भाभी म्हणाली, “उनके पास पैसे थे.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हलता सिलिंडर म्हणजे काय ते बहिणींना सांगते, कारण मला ते समजायला तीन रविवार लागले. सिलिंडर एका खिळ्यावर झोपाळ्यासारखा झुलतो. त्याच्या पाठीला एक भोक, समोरच्या पितळी पट्टीला दोन. एका बाजूला झुलला की त्याचं भोक वाफेच्या भोकासमोर येतं, वाफ आत शिरून दट्ट्या ढकलते. दुसऱ्या बाजूला झुलला की बाहेर जायचं भोक समोर येतं आणि वापरलेली वाफ फक्‌ करून निघते. दरवाजाही तोच आणि खोलीही तीच. दोन बाजूंचे सिलिंडर सायकलच्या पायडलसारखे समोरासमोर लावायचे नाहीत. सायकलचं एक पायडल बरोबर वर असलं की पाय कितीही दाबा, चाक अडतं. म्हणून एक दुसऱ्याच्या पाव फेरा पुढे ठेवायचा, म्हणजे एक अडला तरी दुसरा ढकलतच असतो.

चाकं आणि सिलिंडर सोलापुरात यंत्रमागाचे भाग दुरुस्त करणाऱ्या एका लेथवाल्याने कातून दिले. पैसे घ्यायला तयार नव्हता, पण इंजिन चालताना दाखवायचं वचन घेतलं. बॉयलर म्हणजे तांब्याचा दोन इंची पाइप, सहा इंच लांब. दोन्ही टोकांची झाकणं तांबटाने ठोकून दिली. तांबं ठोकलं की कडक होतं, पुन्हा लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं. पोलादाचं उलट, ते लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं.

आता माझी चूक सांगते. अब्बांनी सांगितलं होतं, झाळ चांदीची लागेल. मी सोनाराकडे गेले. त्याच्याकडे चांदीची झाळ होती, टाकणखार होता, पण त्याची फुंकणी कानातल्या बाळीपुरती. तांबं उष्णता इतकी पळवतं की पाइपचं एक टोक तापवायला गेलं तर दुसरं हात भाजतं. एवढं सगळं लाल करायला मोठा बर्नर हवा. ईद जवळ आली होती, घरात मुलं जमणार होती. मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून कथलाची झाळ मारून घेतली, वरून तांब्याच्या रंगाचा पातळ थर दिला आणि अब्बांना म्हटलं, झालं. त्यांची नजर आता अधू झाली आहे. मी त्याचाच फायदा घेतला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

बासी ईदच्या दिवशी परसात रूळ मांडले. अब्बांनी विचारलं, “पानी देखी क्या?” मी हो म्हटलं. इंजिन पहिल्याच धक्क्यात चाललं. पोरं ओरडली, भाभी भांड्यांचे हात तसेच घेऊन बाहेर आली. अब्बा उभे राहिले होते. दिव्यातलं स्पिरिट संपलं, इंजिन थांबलं. “फिर से, फुप्पू!” मी दिवा पुन्हा भरला. पाणी मात्र भरलं नाही. मला वाटलं, आहे अजून.

मधेच चुर्र असा आवाज झाला, पुढच्या झाकणाची झाळ उघडली आणि इंजिन उडी मारून रुळावरून बाजूला पडलं. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याचा हात तिथे होता. मनगटाजवळ भाजला. अब्बा मला काही बोलले नाहीत. त्याला उचलून नळाखाली धरलं आणि बराच वेळ, भाभी ओढत असतानाही, हात पाण्याबाहेर येऊ दिला नाही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. अल्हम्दुलिल्लाह, आता डागही पुसट झाला आहे. भाभी माझ्याशी दीड महिना बोलली नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी जाऊ की नको असं झालं होतं. गेले. खुर्चीशेजारी पाटावर बॉयलर कापून ठेवलेलं होतं, दोन तुकडे. अब्बांनी कडेवरून बोट फिरवलं. “कथील,” एवढंच म्हणाले. मग मला समोर बसवून सांगितलं, आणि आवाज चढवला नाही हे जास्त लागलं. आमच्या बॉयलरातला दाब ४० पौंड, म्हणजे घरातल्या कुकरच्या अडीच पटींहून जास्त. त्या दाबाला पाणी १४१ अंशांना उकळतं. कथील-शिशाची झाळ १८३ ला वितळायला लागते. आत पाणी आहे तोवर पाणी धातूला जास्त तापू देत नाही, म्हणून सगळं ठीक दिसतं. पाणी संपलं की खालची ज्योत थेट धातूला तापवते, मग १८३ किती दूर! चांदीची झाळ ६०० च्याही पुढे तग धरते. मोठ्या इंजिनाच्या भट्टीच्या छताला शिशाचा प्लग असतो तो याचसाठी. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं, वाफ भट्टीत उतरते आणि ड्रायव्हरला कळतं. त्याच्या आधीच कळायला हवं म्हणून इंजिनावर चढणारा माणूस सगळ्यात आधी काचेतलं पाणी बघतो.

“और दिये का हिसाब उल्टा रखी तू,” ते म्हणाले. दिव्यात इतकंच स्पिरिट मावावं की पाण्याआधी ते संपेल. आणि दिवा भरायचा असेल तर आधी पाणी.

दुसरं बॉयलर करायला चार महिने लागले. बर्नर अब्बांच्या एका जुन्या सोबत्याने आणला. चांदीची झाळ दुधासारखी सांध्यात पळाली. मग पाण्याची परीक्षा. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरायचं, आत हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही, आणि हातपंपाने दुप्पट दाब, ८० पौंड चढवायचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं तरी स्फोट होत नाही, नुसता थेंब येतो आणि काटा खाली पडतो. अब्बा पंधरा मिनिटं बॉयलरवर तळहात ठेवून बसले. काटा हलला नाही.

चालवायच्या दिवशी मुलांना दोरीच्या पलीकडे उभं केलं. भाचा आत्ता येईल, मग येईल असं करत दाराआडून बघत होता. अब्बांनी त्याला हाक मारली, हातात सुई काढलेली सिरिंज दिली आणि पाणी भरायला लावलं. दोनशे मिली, मोजून. मग दिवा त्यांनीच लावला.

इंजिन वीस फूट गेलं, परत आणलं, पुन्हा गेलं. लेथवाल्याने सोलापूरहून फोनवर आवाज ऐकला. भाभी स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघत होती. अब्बा डोळे मिटून कान देत होते. तिसऱ्या फेरीला म्हणाले, “बायाँ लंगड़ा चलता.” डाव्या सिलिंडरची स्प्रिंग ढिली आहे, त्याचं तोंड पट्टीला नीट टेकत नाही, वाफ तिथून पळते. फार आवळली तर सिलिंडर झुलणार नाही. अर्धा आटा, जास्त नाही.

येत्या रविवारी तो अर्धा आटा आवळायचा आहे.