टाळगांवचे नवे मनोरे

आमच्या चिखलीस जुनीं माणसें अद्यापि ‘टाळगांव’ म्हणतात. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळीं त्यांचे टाळ आकाशांतून येथें पडले, अशी श्रद्धा आहे. त्याच आकाशांतून येणाऱ्या निराळ्या लहरींचा माग काढण्याचा छंद आम्हां घरच्या मंडळींस लागला आहे.

रविवारीं चहा होतांच मोबाइल व वही घेऊन आम्ही निघतों. कुदळवाडीपासून इंद्रायणीकांठापर्यंत कोणत्या मनोऱ्यावर नवी पेटी चढली, तें पाहतों व ठिकठिकाणीं लहरींचें बळ टिपतों. हें मान डीबीएममध्यें मोजतात. उणें ८५ उत्तम, उणें ११५ झालें, कीं संभाषण तुटलेंच!

छंदाचें मूळ मात्र घरांत आहे. गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं मागल्या खोलींत आजींना दम लागला, आणि तेथून डॉक्टरांस फोन लागेना. गच्चीवरून मनोरा तर स्पष्ट दिसत होता! उलगडा पुढें वहीनें केला. २०२२ सालीं आलेल्या ५जीच्या ३५०० मेगाहर्ट्झच्या सुमारच्या लहरी पुष्कळ भार वाहतात, परंतु भिंती व पत्रे यांपुढें लवकर थकतात. ७००च्या लहरी दूर जातात व घरांत अधिक शिरतात.

१९२७ सालीं जवळच्याच खडकीहून विलायतेशीं बिनतारी संधान जुळलें. आमचें मात्र दोन भिंतींपाशीं अडलें! आजींची खाट आतां पुढल्या खोलींत आहे. वाचकहो, मनोरा दिसतो एवढ्यावर विसंबूं नका. वडीलधाऱ्यांच्या उशाशीं तो आंकडा एकदां अवश्य पाहावा.