‘ने’ आणि ‘ला’

‘राजूने मीनाला वही दिली’ आणि ‘राजूला मीनाने वही दिली’ ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, की पुढे काय होणार हे कर्णबधिरांच्या वर्गावर शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मुलं राजू वाचतात, मीना वाचतात, वही आणि दिली वाचतात. पण वही आता कुणाकडे, असं विचारलं की दोन्ही वाक्यांना एकच उत्तर येतं. शब्दसंग्रह वाढवता येतो, अक्षर सुधारता येतं; ‘ने’ आणि ‘ला’ मात्र काही केल्या बसत नाहीत. ऐकणाऱ्या मुलाला ते कुणी शिकवत नाही, शाळेत येण्याआधी ते असंख्य वेळा त्याच्या कानांवरून गेलेले असतात. कर्णबधिर मुलाकडे ते यावेत कुठून? श्रवणयंत्रातून शब्दाचा ठळक भाग एक वेळ पोचतो, त्यामागचा आघात नसलेला प्रत्यय निसटतो. ओठवाचनावर तर विसंबताच येत नाही. पळ, बळ, मळ ओठांवर सारखेच दिसतात. क आणि ग जवळपास दिसतच नाहीत. जिचा अर्थ प्रत्ययांवर उभा आहे अशी भाषा केवळ ओठांवरून उचलायला सांगणं हा मुलावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

भारतीय सांकेतिक भाषेत हाच प्रसंग पाहा. राजूची जागा डावीकडे ठरते, मीनाची उजवीकडे, आणि ‘देणे’ची खूण एकाकडून दुसऱ्याकडे जाते. कुणी कुणाला दिलं हे हाताच्या दिशेतच असतं. प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि भुवया उंचावल्या की साध्या विधानाचा प्रश्न होतो. हे नुसते हातवारे नव्हेत, हे व्याकरण आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेबाबत भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी 1960 मध्येच हे मांडलं होतं. म्हणून माझं म्हणणं असं, की बोलणं जमलं नाही तर खुणा, हा क्रमच चुकीचा आहे. खूण हे मराठी शिकवण्याचं माध्यम आहे. कर्ता आणि कर्म डोक्यात पक्के असतील, तर खूण निघते तिथे ‘ने’ आणि पोचते तिथे ‘ला’ असं लिहून दाखवता येतं. अर्थात एवढ्याने सुटत नाही. ‘मीना आंबा खाते’ म्हणताना ‘ने’ गायब होतो, ‘मीनाने आंबा खाल्ला’ म्हणताना परत येतो. ‘मीनाला भूक लागली’ यात तर कुणी कुणाला काहीच दिलेलं नाही. इथे दिशा कामाला येत नाही, समजावून सांगावं लागतं. आणि समजावून सांगायला दोघांची मिळून एक भाषा आधीच हवी. प्रत्येक प्रत्ययाला एकेक कृत्रिम खूण जोडून हातांनी मराठी बोलण्याचा मार्ग मला पटत नाही. त्यात मराठीही धड येत नाही आणि खुणांचं व्याकरणही मोडतं.

खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा कंटाळा करील, ही भीती आजही पालकांना घातली जाते. पुरावा तसा नाही. स्टकलेस आणि बर्च या संशोधकांनी 1966 मध्ये लहानपणापासून खुणांत वाढलेल्या कर्णबधिर मुलांची इतरांशी तुलना केली. वाचन, लेखन आणि ओठवाचन यांत ही मुलं पुढे होती; उच्चारांच्या स्पष्टपणात मागे नव्हती. दुसरा आक्षेप कॉक्लिअर इम्प्लांटचा. त्या शस्त्रक्रियेने अनेक मुलं ऐकू लागली आहेत, केंद्र सरकारच्या अडिप योजनेतून त्यासाठी मदतही मिळते, आणि मी तिच्या विरोधात नाही. पण निदान, शस्त्रक्रिया आणि मग दीर्घ वाचाउपचार यांत भाषा शिकण्याची कोवळी वर्षं खर्ची पडतात. एवढा काळ मुलाला भाषेविना ठेवायचं कशासाठी?

खरा अडथळा आमच्या व्यवसायाच्या अभिमानात आहे. 1880 च्या मिलान परिषदेने ठराव करून खुणांना वर्गाबाहेर काढलं. कर्णबधिरांच्या शिक्षणाच्या जागतिक परिषदेने ते ठराव नाकारले, ते 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. मधल्या काळात मूल बोलतं करणं हेच आम्हा शिक्षकांचं भूषण ठरलं. संमेलनात एखाद्या मुलाने चार ओळी स्पष्ट म्हटल्या की टाळ्या शिक्षकाला पडतात आणि त्या हव्याशा वाटतात, मलाही वाटतात. ‘ला’ समजल्याबद्दल कुणी टाळ्या वाजवत नाही. आता कायदा आणि धोरण दोन्ही खुणांच्या बाजूने आहेत. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांकेतिक भाषा येणारे शिक्षक मागतो. 2015 मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राने 2021 पर्यंत दहा हजार शब्दांचा सांकेतिक कोश तयार केला. पण कोश म्हणजे भाषा नव्हे. ती कर्णबधिर माणसांकडूनच शिकावी लागते, आणि प्रत्येक विशेष शाळेत कर्णबधिर शिक्षक असायलाच हवेत.

पुणे जिल्ह्यातल्या केंदूर, पाबळ, शिक्रापूर या पट्ट्यातल्या आईबापांना, आजीआजोबांना आणि अंगणवाडीताईंना माझं सांगणं आहे. मुलाला ऐकू येत नाही हे कळल्यावर उपचार जरूर करा, पण त्यांचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. सांकेतिक शब्दांच्या चित्रफिती मोबाइलवर फुकट पाहायला मिळतात. आधी घरातल्यांनी शिका, शक्य तिथे कर्णबधिर माणसांना भेटा आणि आजपासून मुलाशी खुणांनी बोला. भाषा घेऊन शाळेत आलेल्या मुलाला मराठी शिकवणं हे आमचं काम आहे.