मांडीवरची शाळा

जून उजाडला की अंगणवाडीत रडण्याचा हंगाम सुरू होतो. पाऊस अजून डोंगराआड अडलेला असतो, शेतात सऱ्या पाडून ठेवलेल्या असतात, आणि नुकतं तीन वर्षांचं झालेलं पोर आईचा पदर हातातून सुटल्याबरोबर दारातच फतकल मारतं. ‘माले मायकडे जानं शे!’ साक्री तालुक्यातल्या कान नदीकाठच्या कुठल्याही गावात जा, सूर हाच.

त्या दिवशी सेविकाताईंनी पोराला उचललं नाही, दटावलंही नाही. त्या त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. डब्यातून मूठभर चिंचोके काढले आणि आपल्याशीच बोलल्यासारखं अहिराणीत पुटपुटत फरशीवर मांडू लागल्या. मोठा, लहान, मोठा, लहान. हुंदके चालूच होते. मग त्यांनी मुद्दाम दोन मोठे एकापाठोपाठ ठेवले. पोराने नाक ओढलं, रांगेकडे पाहिलं, हात पुढे केला आणि त्यातला एक चिंचोका बाजूला सारला. ‘हां, बरोबर शे,’ ताई म्हणाल्या. तोवर पोर त्यांच्या मांडीला टेकलं होतं. आत मदतनीसबाई खिचडी ढवळत होत्या. त्यांनी न सांगता एक ताटली वाढवली.

मला हे पाहताना फार हेवा वाटतो त्या पोराचा. घरची बोली न तुटता त्याला शाळा भेटली. ‘बठ’ म्हणता म्हणता कधी ‘बस’ आलं, हे त्याला कळणारही नाही. मोठं-लहान, आधी-नंतर, चूक-बरोबर, सगळं त्याच्या बोटांना कळलं. पुढे त्याला गणित शिकवणाऱ्यांना पूर्ण पगार मिळेल, आणि ते पगाराचे हक्कदारच आहेत. पण गणिताची पहिली रांग जिने मांडून दिली, तिचं काम सरकारच्या नजरेत अजूनही मानसेवी आहे.

या कामाला केवढी बुद्धी लागते हे महाराष्ट्राला फार आधी ठाऊक होतं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरींची महागडी साधनं वारली पाड्यावर कुठून आणायची? त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले घेतले. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. पण साधनं साधी केली म्हणून शिक्षिका साधी चालेल, असं या दोघींनी कधी मानलं नाही. उलट बिया हातात घेतल्या की शिकवणाऱ्याची कसोटी अधिकच लागते.

2 ऑक्टोबर 1975 ला सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आपल्याकडे ती आधी मेळघाटातल्या धारणीत आली, मग राज्यभर पसरली. आज महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. आहार, लसीकरण, तपासणी, गरोदर मातांच्या गृहभेटी, वजन, उंची, दंडघेर, हे सगळं एकाच बाईच्या हातात आलं. त्यात 2021 पासून पोषण ट्रॅकर. पोरांना गोष्ट सांगता सांगता नोंदी भरायच्या, रेंज नसेल तर फोन घेऊन टेकाडावर उभं राहायचं. सुरुवातीला ते ॲप इंग्रजीत आणि फोन अडखळणारे. त्याच वर्षी राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले होते.

आणि मोबदला? केंद्राने 2018 मध्ये सेविकेचं मानधन 3000 वरून 4500 रुपये केलं आणि मग वर्षानुवर्षे तो आकडा तिथेच थांबला. राज्य आपली भर घालतं. 2023 मध्ये एकूण रक्कम 10,000 झाली, 2024 मध्ये आणखी वाढली. पण प्रत्येक वाढ रस्त्यावर बसून मिळवलेली. 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला संप 25 जानेवारीपर्यंत चालला. ऐन थंडीत या बाया घरदार सोडून आंदोलनाला गेल्या, आणि ‘पोरांचं काय होत असेल’ हेही त्याच एकमेकींना विचारत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 ला अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू असल्याचा निकाल दिला. न्यायालयाला जे दिसलं, ते पगारपत्रकात कधी उतरणार?

आमच्या तालुक्यात हा प्रश्न अधिक टोचतो. दिवाळी झाली की पश्चिमेकडच्या पाड्यांवरची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात, बरीच गुजरातेत. पोरं पाचटात खेळतात. उन्हाळ्याच्या तोंडी परतलेल्या पोराचा दंडघेर घेताना कुपोषण मोजायच्या पट्टीचा रंग काय निघतो, याकडे ताई श्वास धरून पाहते. लाल निघाला तर आईला समजावणं, आरोग्य केंद्रात पाठवणं, पुन्हा पुन्हा घरी जाणं, आणि त्यासोबत विसरलेली गाणी नव्याने लावून देणं, हे सगळं तिनेच करायचं. हे अर्धवेळ काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एप्रिलमध्ये एक दिवस तिच्यासोबत पाड्यावर चालून यावं. मदतनीसबाईंना तर सेविकेहून कमी मिळतं. चूल, पाणी, झाडलोट, पोरांची नाकं पुसणं, आणि ताई बैठकीला गेली की वर्गही त्यांचाच.

मला वाटतं, सेविकेला प्राथमिक शिक्षकाच्या तोडीचं वेतन मिळावं, मदतनिसाला जगण्याइतकं. दोघींना महिन्याचं पेन्शन, अंगणवाडीत नळाचं पाणी, आणि नोंदी भरायला वेगळं माणूस. साक्री विधानसभेचा मतदारसंघ आहे, लोकसभेला आम्ही नंदुरबारात. मतं मागायला दोन्हीकडची माणसं येतात. आम्ही त्यांच्यापुढे कांद्याचा भाव मांडतो, पाटाचं पाणी मांडतो, रस्त्याचे खड्डे मांडतो. पुढच्या निवेदनात पहिली मागणी अंगणवाडीच्या पगाराची असावी, आणि तिच्याखाली शेतकऱ्याची, दुकानदाराची, गुरुजींची, सगळ्यांची सही असावी. आमची पोरं तिथेच जातात.