आकडीतला कोयता

कोकणात बागेकडे निघालेल्या गड्याच्या कमरेला मागच्या अंगाला आकडी असते आणि आकडीत कोयता. माडावर किंवा ऐनावर चढायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याची जागा तिथे ठरलेली.

मुठीतून तो सरळ निघतो, पुढे रुंदावतो आणि शेवटी धारेच्या बाजूला चोचीसारखा वाकतो. वजन बरंचसं त्या टोकाकडे. अनोळखी माणसाला ही चोच हिंस्र वाटते. मला तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण दिसतं. सरळ पात्याचा घाव गोल फांदीवर तिरका बसला की पातं बाहेर निसटतं, आणि एका हाताने फांदी धरून उंचावर उभ्या असलेल्याला निसटता घाव परवडत नाही. कोयत्याच्या आतल्या बाकात फांदी सापडते. घाव सरकला तरी आतच सरकतो. टोकाचं वजन खाली येताना आपणच जोर धरतं, मनगटाला फक्त दिशा द्यायची उरते. जमीन भाजायच्या राबासाठी दिवसभर कवळ, म्हणजे झाडाच्या डहाळ्या, तोडणाऱ्याला याचं मोल विचारावं. करवंदीच्या जाळीत तर हात न घालता काटेरी फांदी चोचीने ओढून घेता येते.

त्याची पाठही कामाची. नारळाच्या मध्यावर कोयत्याच्या पाठीने फिरवून ठोके दिले की करवंटी दोन भकलांत उघडते. चिवा, म्हणजे बांबू, उभा चिरताना तीच जाड पाठ पाचर होते.

गवतापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. जाड पात्यापुढे गवत कापलं न जाता वाकतं. तिथे पातळ, बाकदार विळाच हवा; मूठभर धाटं धरायची आणि पातं ओढायचं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वैभव विळ्याला तर दातेच आहेत. गोव्यातला माडी काढणारा रेंदेर माडावर चढतो तो काती घेऊन. माडाच्या पोयीचा पातळसा काप घेत राहिलं तरच सूर, म्हणजे माडी, झरत राहते, आणि त्या कामाला घावाचा जोर नको, नुसती अतितीक्ष्ण धार हवी. उसाच्या फडातला कोयता आणखी निराळा, हाताला हलका. कारण तो दिवसभर वाकून चालवायचा. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून ऊस जमिनीसपाट तोडावा लागतो. मग वाढे उडवायचे, मोळी बांधायची. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. इतकं माणसाचं आयुष्य एका पात्याला बांधलेलं मी दुसऱ्या कुठल्या अवजारात पाहिलेलं नाही.

हल्ली काही हौशी भटके लांब, सरळ, पातळ पात्याची परदेशी मॅशेटी मागवतात. लॅटिन अमेरिकेतल्या ओल्या, कोवळ्या झुडपांत ती झपकन वाट काढते, त्यात शंका नाही. पण आपल्या वाळक्या, चिवट रानात जाड फांदीवर ते पातं थरथरतं आणि हात बधिर करतं. दोष पात्याचा नाही. ते या रानासाठी घडलेलं नाही, एवढंच.

इथला कोयता गावचा लोहार घडवतो, पुष्कळदा ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादातून. खरी परीक्षा धारेला पाणी देताना. जास्त कडक झाली तर कठीण लाकडावर खांडे पडतात, मऊ राहिली तर धार मुरडते. तापलेल्या पोलादाचा रंग पाहून लोहार ती वेळ साधतो. मग शेपूट मुठीत ठोकायचं, वसवीचं कडं बसवायचं आणि निसण्यावर धार काढायची.

गेली काही वर्षं पुण्याच्या बातम्यांत कोयता येतो तो दहशतीच्या संदर्भात. शहरातल्या मुलांना त्याची हीच ओळख उरली, तर तो या अवजारावर आणि ते घडवणाऱ्यावर अन्याय होईल. या मुलांना एकदा माडाखाली शहाळं सोलताना कोयता पाहू द्या. आणि बागेसाठी घ्यायचा असेल, तर बाजारातला चकचकीत उचलू नका. लोहाराच्या भात्याजवळ बसा आणि तुम्हाला काय तोडायचं आहे ते त्याला नीट सांगा.