जोडीनं पाडलेली भोकं

यंत्र भारी असेल तरच वस्तू नेमकी होते, हा समज आपल्याकडं फार पक्का बसलाय. माझा भाचा धाराशिव जिल्ह्यातच इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या रोबोट टीममधून बाहेर पडायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. "मामा, पुण्या-मुंबईची पोरं सीएनसीवर पार्ट काढतात. आपल्याकडं हॅक्सॉ, कानस आन् हँड ड्रिल. कसं टिकणार?"

त्यांचा रोबोट सरळ चालत नव्हता. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मधून चाकाचा दांडा. मापं काटेकोर घेतलेली, पण दोन्ही पट्ट्यांना भोकं वेगवेगळी पाडलेली. एकीकडं अर्धा मिलिमीटर वर, दुसरीकडं अर्धा खाली. झालं! दांडा तिरका, बेअरिंग जाम, मोटर गरम.

मी काही इंजिनिअर नाही. त्याला घेऊन सरळ ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी नव्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून व्हाइसमध्ये आवळल्या. पंचानं खूण ठोकली, आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल, मग ८ चं, दोन्हींतून एकदमच. वर थेंबभर रॉकेल. कडा साफ करण्याआधी कानशीला खडू घासला, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस दातांत अडकत नाही.

आता गंमत बघा. भोक थोडं सरकलं तरी दोन्हीकडं सारखंच सरकतं, दांडा सरळच बसतो. सीएनसी प्रत्येक तुकडा आकड्याबरहुकूम काढतं, म्हणून कुठलेही दोन तुकडे जुळतात. हजार नग हवे असतील तर तेच हवं. पण एकच रोबोट करायचा, तर त्याचे भाग एकमेकांशी जुळले की भागतं.

आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन स्पर्धा २००८ साली पुण्यात झाली, तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे आपली दहीहंडीच. तिथं तरी काय असतं? थर उभा राहतो तो खालच्यांचे खांदे जुळतात म्हणून. खांद्यांची उंची फुटपट्टीनं कोण मोजतंय!

असो. भाचा टीममध्ये टिकलाय. या पद्धतीची किंमतही त्याला कळलीय: एक पट्टी वाकली तर दुकानातून दुसरी आणून भागत नाही, ती जुन्या जोडीदाराला बांधूनच भोकं पाडावी लागतात. म्हणून आता प्रत्येक जोडीवर पंचानं नंबर ठोकलेत. १ ला १, २ ला २.